फरशीला टाकी

पाट्या-वरवंट्याला टाकी लावून देणाऱ्या बायका पूर्वी दुपारच्या वेळी गल्लीतून हाळी देत जायच्या. रोजच्या वाटणाने पाटा गुळगुळीत झाला की मिरची त्यावर वाटली जात नाही, नुसती पुढेमागे सरकत राहते. मग टाकीवाली ओट्यावर बैठक मारून छिन्नीने पाटाभर बारीक टवके उडवायची आणि निघताना बजावायची, पहिलं वाटण टाकून द्या, दगडाची कच येईल. आमच्या आईला हे सगळं अजून आठवतं. गेल्या पावसाळ्यात तिच्या न्हाणीघराची फरशी बदलायची ठरली, तेव्हा दुकानात उभ्या उभ्या तिने विचारलं, "पाट्याला टाकी लावून मिळायची, तशी फरशीला मिळते का हो?" दुकानदार हसला. "मावशी, ही अँटी-स्किड आहे ना!" म्हणाला आणि त्याने फरशीवरून कोरडा तळहात फिरवून दाखवला.

आईचा प्रश्न नेमका होता. दुकानदाराचा कोरडा तळहात मात्र या विषयातली सगळ्यात जुनी चूक आहे, आणि ती सुधारायला जगभरच्या प्रयोगशाळांनी अर्धं शतक घेतलं.

आधी प्रश्न केवढा आहे ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी जगात सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे मरतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यांवरच्या अपघातांखालोखाल पडण्याचाच नंबर लागतो. दवाखाना गाठावा लागेल असं पडणं वर्षाला ३ कोटी ७३ लाख वेळा घडतं, आणि ८० टक्क्यांहून जास्त मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले असतात. यात झाडावरून, गच्चीवरून, परांचीवरून पडलेलेही आले. घरात पडणाऱ्यांतही कुणाला चक्कर आलेली असते, कुणाला रक्तदाबाची गोळी बाधलेली असते, कुणी अंधारात उंबरठ्याला अडखळलेलं असतं. तेव्हा सगळं पाप फरशीच्या माथी मारता येत नाही. पण म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं की घरातले जे वाक्य सांगतात ते बहुतेक ठिकाणी एकच असतं: बाथरूममध्ये पाय घसरला. या वाक्यातला पाय आपण तपासतो, त्याचा एक्स-रे काढतो. बाथरूम कुणी तपासत नाही.

पाय घसरतो म्हणजे काय होतं? चालताना पुढचा पाय टेकतो तो टाचेच्या मागच्या कडेवर. त्या क्षणी पाय अजून पुढेच जात असतो आणि अंगाचा भार नुकता त्याच्यावर येऊ लागलेला असतो. सपाट जागी सरळ चालायला फार घर्षण लागत नाही, घर्षणगुणांक साधारण ०.२ असला तरी निभतं. वळताना, घाईत, उतारावर जास्त लागतं. कोरड्या स्वच्छ फरशीकडे याच्या दुप्पट-तिप्पट घर्षण शिल्लक असतं. म्हणून चकचकीत संगमरवरावरही कोरड्यात सहसा कुणी पडत नाही. (कॅरमची पावडर सांडलेली नसेल तर!)

फरशीवर पाणी आलं की हिशेब बदलतो. टाच खाली येते तेव्हा तिच्याखालचं पाणी बाजूला सरायला हवं, आणि त्याला वेळ मिळतो सेकंदाचा काही अंश. तेवढ्यात पाणी सरलं नाही तर टाच फरशीला टेकतच नाही, पाण्याच्या पातळ थरावर तरंगते. पावसात भरधाव गाडीचा टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो, तसंच हे. हा थर फोडायला फरशीवर बारीक टोकं लागतात, पाट्याला टाकी लावल्यावर उठतात तशी, फक्त त्याहून कितीतरी लहान. त्यांची उंची मायक्रॉनमध्ये मोजतात. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह या सरकारी यंत्रणेने ठोकताळे दिले आहेत: नुसतं पाणी सांडणार असेल तर शिखर ते दरी अशी किमान २० मायक्रॉन उंची हवी. साबणाचं पाणी किंवा दूध असेल तर ४५. तेल असेल तर ७०. द्रव जितका दाट, तितका तो टाचेखालून हळू सरतो आणि तितकी टोकं उंच लागतात.

हे आकडे हाती घेऊन नरकचतुर्दशीच्या पहाटेचं न्हाणीघर डोळ्यांपुढे आणा. तेल, त्यावर उटणं, त्यावर साबण, वर कढत पाण्याचे तांबे, उजेड बेताचा आणि फरशी गुळगुळीत पांढरी.

इथे डोळा फसतो. हा खरबरीतपणा डोळ्यांना दिसेलच असं नाही, आणि जो दिसतो तो कामाचा असेलच असंही नाही. उंचवटे, रेघा, चौकड्या असलेली फरशी पाहून गिऱ्हाईक समाधान पावतं. पण त्या उंचवट्यांचे माथे काचेसारखे गुळगुळीत असतील तर ओला पाय त्या माथ्यांवरूनच सरकतो. उलट साधी मॅट दिसणारी, नखाला किंचित खरखरणारी फरशी पाय धरून ठेवते. म्हणून बघून किंवा चाचपून ठरवता येत नाही, मोजावं लागतं. कसं मोजायचं, यावर मात्र तज्ज्ञांची भांडणं झाली आहेत.

अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये पर्सी सिग्लर यांनी लंबक वापरला. इमारतींच्या जमिनी आणि जहाजांचे डेक किती निसरडे आहेत, याबद्दलचा त्यांचा अहवाल १९४३ चा आहे. पुढे ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीने तोच लंबक रस्त्यांसाठी सुधारून घेतला, कारण ओल्या डांबरावर मोटारी घसरत होत्या. आणि मग तो फिरून पुन्हा फरशीवर आला. आज ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि इतर अनेक देशांत फरशी तपासणारे मुख्यतः याच्यावर भिस्त ठेवतात.

यंत्र बघायला अगदी साधं आहे. तीन पायांची बैठक, त्यावर उभा खांब, आणि खांबाला लोलकासारखा दांडा. दांड्याच्या टोकाला स्प्रिंगवर बसवलेली ७६ मिलिमीटर रुंद रबराची पट्टी, म्हणजे टाचच. दांडा आडवा धरून सोडला की तो झोक्यासारखा खाली येतो, रबर सुमारे साडेबारा सेंटिमीटर फरशी घासत जातं आणि दांडा पलीकडे वर चढतो. फरशीने जितकं अडवलं तितका तो कमी चढतो. एक हलका काटा दांड्याबरोबर जातो आणि सगळ्यात वरच्या जागी थांबून राहतो. तिथला आकडा म्हणजे लंबक-मूल्य. फरशीवर पाणी शिंपडतात, आठ झोके घेतात, पहिले तीन सोडून देतात, उरलेल्या पाचांची सरासरी काढतात, आणि हेच तीन दिशांनी करतात. रबरही दोन जातींचं: बुटाच्या तळव्यासाठी कडक, अनवाणी पायासाठी मऊ. प्रत्येक वेळी रबराची कड बारीक पॉलिशपेपरवर घासून सारखी करून घ्यावी लागते, नाहीतर आकडा भरकटतो. चाचणी करणाऱ्याचा हात किती बसलेला आहे यावर बरंच अवलंबून असतं, हा या यंत्रावरचा आक्षेप खरा आहे.

आकडा वाचायची रीत अशी: ३६ किंवा जास्त असेल तर घसरण्याचा धोका कमी, २५ ते ३५ मध्यम, २४ किंवा खाली असेल तर जास्त. हे ३६ आकाशातून पडलेलं नाही. ब्रिटनमध्ये हार्पर, वॉर्लो आणि क्लार्क यांनी चालणाऱ्या माणसाचा पाय जमिनीवर किती आणि कसा जोर लावतो ते मोजलं. त्यांचा अहवाल १९६१ चा. त्या मोजमापांवरून पुढे संभाव्यता काढली गेली. ३६ असेल तर सपाट जागी सरळ चालणारा घसरण्याची शक्यता दहा लाखांत एक. २४ असेल तर विसात एक. बारा अंकांत दहा लाखांचे वीस होतात, ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी तो तक्ता दोनदा तपासला. म्हणजे फरशी थोडी निसरडी झाली की धोका थोडा वाढतो, हा आपला अंदाज चुकीचा आहे. एका टप्प्यानंतर तो कड्यावरून कोसळल्यासारखा वाढतो.

उतार असेल तर हिशेब आणखी कडक होतो. व्हीलचेअरसाठी आपल्याकडे सांगितलेला रॅम्प १:१२ चा, म्हणजे बारा फुटांत एक फूट चढ. एवढ्या उतारावर सपाट जागेपेक्षा सुमारे आठ अंक जास्त हवेत. म्हणजे ३६ पुरत नाही, ४४-४५ लागतं. सोसायटीच्या दाराशी पॉलिश केलेल्या काळ्या ग्रॅनाइटचा रॅम्प दिसला की मला हे आठवतं. अपंगांची सोय म्हणून केलेली ती जागा पावसाळ्यात चांगल्या पायांनाही चढवत नाही, आणि शेजारच्या कठड्याला धरून सगळे आडवे चालतात.

हे झालं लंबकाचं. अमेरिकेची वाट बराच काळ वेगळी होती. तिथे १९४० च्या दशकात सिडनी जेम्स यांनी बनवलेलं यंत्र चाललं. ते कोरड्या जमिनीवर, थांबलेल्या तळव्याखाली, सरकायच्या आधीचं घर्षण मोजतं, आणि ०.५ हा आकडा सुरक्षिततेची रेघ मानला गेला. मूळ उपयोग होता फरशीला लावायच्या मेणाचा निसरडेपणा तपासण्याचा. सिरॅमिक फरशीसाठी पुढे वजन ठेवून हाताने ओढायची पद्धत आली, ओल्यातसुद्धा वापरली जाणारी. तिच्यात गोम अशी होती की वजन ओल्या गुळगुळीत फरशीवर क्षणभर थांबून राहतं. त्या वेळात खालचं पाणी निघून जातं आणि रबर फरशीला चिकटून बसतं. ओला काचेचा पेला टेबलाला चिकटतो तसं. आकडा येतो भरघोस आणि निसरडी फरशी सुरक्षित ठरते! ही पद्धत २०१४ मध्ये मागे घेतली गेली. त्याआधीच, २०१२ मध्ये, तिथल्या फरशी-प्रमाणकात नवी कसोटी आली होती: स्वतः चालणारी छोटी गाडी, फरशीवर किंचित साबणद्रव्य मिसळलेलं पाणी, आणि सरकताना मिळणारा गुणांक किमान ०.४२. इमारतीच्या आतल्या सपाट, ओल्या होऊ शकणाऱ्या जागांसाठी ही किमान मर्यादा आहे. तेल सांडणाऱ्या स्वयंपाकघराला किंवा उताराला ती लागू नाही. कॅटलॉगवाले मात्र ०.४२ असं छापतात जणू ते जागतिक अभयपत्र आहे.

जर्मनांनी तिसरीच युक्ती काढली. त्यांनी यंत्र बाजूला ठेवून माणसालाच चालायला लावलं. फळीसारख्या उतारावर फरशी बसवायची, तिच्यावर मोटारीचं इंजिन ऑइल ओतायचं, ठरावीक नक्षीदार तळव्याचे बूट घातलेल्या माणसाला वरून दोर बांधायचा आणि उताराकडे तोंड करून पुढे-मागे चालायला सांगायचं. उतार हळूहळू वाढवत जायचा. पाय सुटला की तो कोन टिपायचा. ६ ते १० अंशांत घसरला तर 'आर ९', १० ते १९ मध्ये 'आर १०', १९ ते २७ मध्ये 'आर ११', ३५ पर्यंत 'आर १२' आणि त्यापुढे 'आर १३'. अनवाणी पायांसाठी वेगळी चाचणी आहे. तिच्यात साबणाचं पाणी सोडतात आणि १२, १८, २४ अंशांना ए, बी, सी असे वर्ग देतात. पोहण्याच्या तलावांसाठी ती बनली.

आपल्या दुकानांत सगळ्यात जास्त गैरसमज याच 'आर'चा आहे. 'आर ९' वाचून माणसाला वाटतं दहापैकी नऊ गुण. पण ही शिडी सुरूच नवापासून होते. 'आर ९' म्हणजे सगळ्यात खालची पायरी, आणि ओल्या जागी तिच्यावर विसंबून राहणं धोक्याचं. शिवाय ही सगळी परीक्षा तेल आणि दातेरी बूट यांची. ती कारखान्यासाठी, हॉटेलच्या भटारखान्यासाठी बनली आहे. तिच्यावरून रबरी स्लीपर घालून ओल्या न्हाणीघरात जाणाऱ्या माणसाचं काय होईल ते कळत नाही. आणि एक मोठा तोटा: ही चाचणी कोऱ्या फरशीवर, प्रयोगशाळेतच होते. बसवलेली, पाच वर्षं वापरून झिजलेली फरशी उखडून त्या उतारावर कोण नेणार?

युरोपने २०२१ मध्ये चारही पद्धती एकाच प्रमाणकात आणल्या: अनवाणी उतार, बुटांचा उतार, लंबक आणि ओढून घर्षण मोजणारं यंत्र. घर एक झालं, चुली वेगळ्याच राहिल्या. एका चाचणीचा आकडा दुसऱ्या चाचणीच्या आकड्यात बदलता येत नाही, आणि कोणता आकडा पुरेसा मानायचा ते प्रत्येक देशाने आपापलं ठरवायचं. ब्रिटनची सरकारी यंत्रणा ओढगाड्यांच्या ओल्यातल्या आकड्यांवर विश्वास ठेवत नाही. त्या गाड्या टाचेसारख्या आदळत नाहीत, सावकाश सरकतात, म्हणून पाण्याच्या थराचा खेळ त्यांना कळत नाही, असं तिचं म्हणणं. मला ते पटतं. लंबक अवजड आहे, हाताळायला कटकटीचा आहे, पण तो माणूस जिथे पडतो तिथे नेता येतो आणि ज्या पाण्यावर पडतो त्या पाण्यात चालवता येतो.

गंमत म्हणजे हा लंबक आपल्याकडे नाही असं नाही. स्थापत्य अभियांत्रिकी शिकवणाऱ्या कित्येक महाविद्यालयांच्या हायवे प्रयोगशाळेत 'स्किड रेझिस्टन्स टेस्टर' या नावाने तो कोपऱ्यात उभा असतो. मुलं जर्नलपुरतं एक प्रॅक्टिकल त्याच्यावर करतात, डांबराच्या नाहीतर काँक्रीटच्या तुकड्यावर. प्रयोगशाळेबाहेरचा व्हरांडा मात्र पावसात घसरतो म्हणून शिपाई तिथे गोणपाट अंथरून ठेवतो.

फरशीचा आकडा मिळाला म्हणजे सगळं झालं असंही नाही. फरशी, तिच्यावर काय सांडतं, ती कशी पुसतात आणि पायात काय आहे, या चारांच्या संगनमताने माणूस पडतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत ४,५५३ कर्मचाऱ्यांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करावी तशी दोन गटांत वाटणी केली. एका गटाला घसरण रोखणारे बूट दिले, दुसऱ्याने आपले नेहमीचे वापरले. फरशी दोघांची तीच. बूट मिळालेल्यांच्या घसरण्यात ३७ टक्के घट झाली. २०२१ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. त्याआधी अमेरिकेत तीन रुग्णालयांत १९९६ ते २००५ अशी दहा वर्षं पाहणी झाली. तिथे एकच उपाय न करता सगळे जोडीने केले: सांडलेलं लगेच पुसणं, योग्य द्रावण, पायपुसणी, बूट, बर्फ काढणं, कर्मचाऱ्यांना माहिती. घसरून-अडखळून पडल्याबद्दलचे भरपाईचे दावे दर १०० पूर्णवेळ कर्मचाऱ्यांमागे १.६६ वरून ०.७६ वर आले.

पुसण्याबद्दल आपण फारसा विचार करत नाही. सकाळी लादी पुसली जाते ती ओल्या फडक्याने, बादलीत फिनेलचं झाकण ओतून. फडकं कसंतरी पिळलेलं, वर पंखा चालू केला म्हणजे वाळेल हा भरवसा. म्हणजे सगळ्या घरात एकाच वेळी पाण्याचा पातळ थर पसरवून ठेवायचा आणि त्याच वेळी घरातल्यांनी चहाचे कप घेऊन इकडून तिकडे जायचं. गुळगुळीत फरशीला हा पातळ थर पुरतो, डबकं लागत नाही. शिवाय साबणाचं द्रावण प्रमाणाबाहेर घातलं आणि दुसऱ्या साध्या पाण्याने काढलं नाही, तर त्याचा पापुद्रा रोज थोडा थोडा साचतो. सूक्ष्म खळगे भरून येतात आणि बसवताना ४० असलेली फरशी वर्षभरात भलताच आकडा दाखवू शकते. टाकी लावलेल्या पाट्याच्या खाचांत चटणी वाळून बसावी तसं. अशा फरशीला नव्या फरशीपेक्षा एकदा नीट घासून काढण्याची गरज असते.

पाण्याशिवाय दुसरंही काही सांडू शकतं. २५ जानेवारी २००५ ला, शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत, वाईजवळच्या मांढरदेवला काळूबाईच्या दर्शनाला लोटलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि नंतर दुकानांना आगी लागल्या. जवळपास तीनशे माणसं गेली. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या आणि घसरलेल्यांवर मागचा लोंढा आला, असं तेव्हा सांगितलं गेलं. अरुंद वाट, गर्दीचं नियोजन, आग या कारणांपुढे पायरी लहान वाटते. पण सुरुवात कुठल्यातरी एका पायापासून होते. आपल्याकडची देवळं, घाट, दर्ग्यांच्या पायऱ्या या सगळ्या अनवाणी पायांच्या जागा आहेत. दूध, तेल, नारळाचं पाणी, पाकळ्या, वर संगमरवर. मऊ रबर लावून तिथे लंबक नेला तर काय आकडे येतील, याचा अंदाज अभिषेकाच्या दिवशी गाभाऱ्याबाहेर उभं राहिलेल्या कुणालाही करता येईल.

कोकणात आणि गोव्यात हा प्रश्न पावसाबरोबर वाढत जातो. जांभ्याची पायरी उन्हाळ्यात सच्छिद्र, पाय धरणारी. आषाढात तिच्यावर शेवाळ चढलं की तीच बुळबुळीत होते. इथे दगडाचा खरबरीतपणा काही उपयोगाचा नाही, कारण टाचेला दगड लागतच नाही, शेवाळ लागतं. म्हणून पाणंदीतल्या पायऱ्यांवर लोक ब्लीचिंग पावडर मारतात, खराट्याने घासतात, विहिरीच्या वाटेवर झावळ्या टाकतात. कुठल्याही प्रमाणकात झावळी नाही, पण काम करते.

कायद्याचं म्हणाल तर तत्त्व म्हणून सगळं मान्य आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यामागोमाग सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता याव्यात यासाठी केंद्राने २०२१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत न घसरणाऱ्या जमिनीची अपेक्षा आहे. पण मी पाहिलेल्या अंदाजपत्रकांत 'अँटी-स्किड टाईल्स' एवढंच लिहिलेलं होतं. कोणती चाचणी, ओल्यात की कोरड्यात, किती आकडा, बसवल्यावर कोण तपासणार, याबद्दल अक्षर नाही. गुजरातेतल्या मोरबीच्या कारखान्यांतून निघालेली फरशी परदेशी जाते तेव्हा तिथला खरीददार चाचणीचा कागद मागतो आणि तो मिळतो. आपण मागत नाही, आपण फरशीत बल्बाचं प्रतिबिंब किती स्वच्छ दिसतं ते बघतो. यात दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही. चकाकी विकत घेणारे आपणच.

बसवलेली फरशी निसरडी निघाली तर उखडायलाच हवी असं नाही. आम्लयुक्त द्रावणाने तिच्यावर सूक्ष्म खाचा पाडता येतात. तीच आईची टाकी, फक्त रसायनाची. चकाकी थोडी मरते, आणि काही वर्षांनी पुन्हा तपासावं लागतं. ग्रॅनाइटच्या पायऱ्यांना ज्योतीने भाजून खरबरीत करून घेता येतं, बांधकामावर त्याला 'फ्लेम्ड' म्हणतात. वाळूच्या कणांच्या चिकटपट्ट्या पायरीच्या कडेला लावता येतात, फक्त कडा सुटल्या की त्याच ठेच लावतात. न्हाणीघरात मोठ्या फरशीपेक्षा लहान फरशी बरी, सांधे जास्त मिळतात आणि पायाला तेवढाच आधार होतो. पाणी जाळीकडे पळेल असा ढाळ, अंघोळीची जागा कोरड्या जागेपासून वेगळी, आणि भिंतीत पक्का बसवलेला धरायचा दांडा. हा दांडा फरशीच्या कोणत्याही आकड्यापेक्षा स्वस्त पडतो, आणि तो म्हाताऱ्यांचा म्हणून साठीतली माणसं लावून घेत नाहीत.

दुकानात परत येतो. मी चाचणीचा कागद मागितला. दुकानदाराने खोक्यावरचा छापील तक्ता दाखवला. त्यात पाणी शोषण होतं, वाकवून तोडायची ताकद होती, घर्षणाच्या ओळीत एक आकडा होता आणि तो कसा काढला ते नव्हतं. मग मी त्याच्याकडे पाण्याची बाटली आणि हात धुवायचा साबण मागितला. चार नमुने जमिनीवर मांडले, चारींवर साबणाचं पाणी ओतलं, चप्पल काढली, स्टुलावर बसून एकेका नमुन्यावर ओली टाच पुढे ढकलून पाहिली. याला चाचणी म्हणणारा लंबकवाला मला घरात घेणार नाही, पण चारांत डावं-उजवं कळतं. अँटी-स्किड म्हणून आधी पुढे केलेल्या फरशीवरून टाच दुसऱ्या क्रमांकाने सहज सरकली. एव्हाना दुकानदारालाही मजा वाटायला लागली होती. "थांबा काका," म्हणत तो आत गेला आणि मागच्या गोदामातून धुळीने भरलेलं एक खोकं घेऊन आला. राखाडी, मॅट, अगदी कळाहीन फरशी. "ही कुणी घेत नाही. एका नर्सिंग होमसाठी मागवली होती, उरलीय."

तिच्यावर पाणी ओतलं, साबण चोळला. टाच हलेना. मी आईकडे पाहिलं. ती खाली वाकली, तर्जनीने फरशी घासून पाहिली, मग नखाने. चेहऱ्यावर जरा समाधान दिसलं, क्षणभरच.

"पाय धरतेय खरी," ती म्हणाली. "पण मळही धरणार. ही रोज घासणार कोण?"